मागच्या सीटखालची घरघर



ग्वाल्हेरचा पारा चाळिशी ओलांडू लागला की या सदराकडे एक प्रश्न हमखास येतो. "गाडीच्या मागच्या बाजूने घूं असा आवाज येतोय. मिस्त्री म्हणतो पंप गेला, मोटर बदलावी लागेल. बदलू का?"

माझं उत्तर दरवेळी एकच असतं. बदलावाही लागेल कदाचित, पण लगेच नको. पंपाचा आवाज वाढला याचा अर्थ पंपाला त्रास होतोय. त्रासाचं कारण पंपात असेल किंवा पंपाच्या बाहेर. ते न शोधता नवा पंप टाकला, तर कित्येक हजार रुपये जातात आणि काही महिन्यांनी नवा पंपही तसाच कण्हू लागतो.

आधी हा पंप आहे कुठे ते पाहू. अँबॅसडर, फियाट किंवा सुरुवातीची मारुती 800 ज्यांनी चालवली आहे, त्यांना कार्ब्युरेटर आठवत असेल. तेव्हा पेट्रोल ओढणारा पंप बहुधा इंजिनलाच लागून असायचा आणि इंजिनच्या जोरावर चालायचा. आता इंजेक्शनच्या गाड्या आल्या. त्यांचा पंप विजेवर चालतो आणि तो पेट्रोलच्या टाकीच्या आतच बसवलेला असतो, बहुतेक गाड्यांत मागच्या सीटच्या खाली. तो साधारण 3 ते 4 बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. टायरमधल्या हवेपेक्षाही हा दाब जास्त आहे.

पंप पेट्रोलमध्ये बुडवून ठेवण्यामागे कारण आहे. तेच पेट्रोल त्याला थंड ठेवतं आणि वंगणाचंही काम करतं. टाकी रिकामी होत आली की पंपाचा वरचा भाग उघडा पडतो आणि तो तापतो. वळणावर किंवा चढावर उरलेलं पेट्रोल एका बाजूला सरकलं, की पेट्रोलबरोबर हवाही ओढली जाते. मग आवाज चढतो. आपल्याकडे मे महिन्यात खालून डांबर तापलेलं, वरून ऊन, आणि गेजचा काटा रिझर्व्हवर. पंपाचे हाल करायला एवढं पुरेसं आहे.

आवाज खरंच पंपाचा आहे का?

घरी करता येईल अशी सोपी तपासणी सांगतो. एसी, पंखा, गाणी सगळं बंद करा. एकाने मागच्या सीटवर बसावं आणि दुसऱ्याने इंजिन सुरू न करता फक्त किल्ली 'ऑन' करावी. बटणाची गाडी असेल तर ब्रेक किंवा क्लचवर पाय न ठेवता बटण दोनदा दाबावं. सीटखालून दोन-तीन सेकंद हलकी गुणगुण येऊन थांबली पाहिजे. पंप पाइपमध्ये दाब तयार करतो, त्याचा हा आवाज. काही नव्या गाड्यांत दार उघडल्याबरोबरच तो येऊन जातो. ही गुणगुण निरोगी आहे, तिला घाबरू नका.

आता गाडी चालवून पाहा. वेगाबरोबर आवाज वाढतो आणि गिअर न्यूट्रल केला तरी तसाच राहतो, तर संशय चाकाच्या बेअरिंगवर किंवा टायरवर घ्या. उभ्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबल्याबरोबर पुढून आवाज चढतो, तर पट्टा किंवा अल्टरनेटर पाहायला हवा. बॉनेटखालून बारीक टिकटिक येते ती बहुतेक वेळा इंजेक्टरची असते आणि ती नेहमीचीच आहे. इंजिन सुरू असताना मागून एकसारखा सूर येतो आणि गाडी उभी असो वा चालू, तो फारसा बदलत नाही, तेव्हा पंपाकडे वळा.

आवाजाची जातही ऐका. बारीक, उंच, शिट्टीसारखा सूर म्हणजे पंपाला पेट्रोल ओढताना किंवा ढकलताना जोर लावावा लागतोय. खरखर, घरघर म्हणजे पंपाचे आतले भाग झिजले असावेत. आवाज मंद आणि दमल्यासारखा येत असेल, तर वीज कमी पोहोचत असण्याची शक्यता आहे.

स्वस्तापासून महागाकडे

पहिली तपासणी पेट्रोलची. टाकी अर्ध्याच्या वर भरा आणि दोन दिवस ऐका. आवाज गेला, तर पंपाने फक्त इशारा दिला होता. यापुढे काटा पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका. ज्यांची गाडी सीएनजीवर आहे त्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं. "पेट्रोल लागतंच कुठे?" म्हणून टाकी कोरडी ठेवायची सवय आपल्याकडे बऱ्याच जणांना आहे. पण बाहेरून किट बसवलेल्या कित्येक गाड्यांत, गाडी गॅसवर धावत असली तरी पेट्रोलचा पंप फिरतच राहतो. त्या कोरड्या टाकीत तो जळून जातो.

दुसरी तपासणी टाकीच्या झाकणाची. आवाज येत असताना गाडी थांबवा, इंजिन बंद करा आणि झाकण उघडा. हवा जोरात आत ओढली गेली आणि पुन्हा सुरू केल्यावर आवाज कमी झाला, तर टाकीत हवा येण्याची वाट बुजली आहे. पंपाचा त्यात दोष नाही.

तिसरी तपासणी गाळणीची. पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते आणि पुढे फिल्टर. जुन्या गाड्यांत फिल्टर बाहेर असतो आणि तो सहज बदलता येतो. नव्यांत तो पंपाच्या संचातच असतो. गाळाने जाळी भरली की पंपाचा श्वास कोंडतो. आता आपल्याला मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि टाकीतला जुना मळ सुटा करू शकतं. म्हणून जुन्या गाडीत फिल्टरकडे लवकर पाहावं.

टाकी भरल्यावरच आवाज सुरू झाला असेल, तर पेट्रोलविषयी शंका घ्यायला हरकत नाही. फिल्टर पेपरची चाचणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे, ती पंपावर विनामूल्य करून द्यावी लागते. कागदावर टाकलेला पेट्रोलचा थेंब उडून गेल्यावर डाग राहता कामा नये.

चौथी तपासणी विजेची. पंप चालू असताना त्याच्या जोडणीपाशी जवळपास बॅटरीएवढंच व्होल्टेज मिळायला हवं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल, तर रिले, गंजलेली पिन किंवा सैल अर्थिंग शोधावं लागेल. हे काम मिस्त्रीचं, पण "व्होल्टेज मोजलंत का?" हा प्रश्न आपण विचारायचा.

पाचवी आणि निर्णायक तपासणी दाबाची. गेज लावून दाब मोजायचा आणि कंपनीच्या आकड्याशी ताडून पाहायचा. वीज पुरेशी आहे, फिल्टर साफ आहे, तरी दाब कमी भरतो आणि पंप घरघरतो, तेव्हा पंप बदलणं योग्य. त्याच्याबरोबर जाळीही नवी घ्या आणि टाकी धुऊन घ्या.

पैसे देण्याआधी चेसिस नंबर

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. पंपात कारखान्यातूनच दोष आला, तर कंपनी तो विनामूल्य बदलून देते. जुलै 2020 मध्ये मारुती सुझुकीने पंपाच्या संभाव्य दोषामुळे वॅगन आर आणि बलेनो मिळून 1,34,885 गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. त्याच वर्षी जूनमध्ये होंडाने 65,651 आणि एप्रिल 2021 मध्ये आणखी 77,954 गाड्या बोलावल्या. होंडाच्या गाड्यांत दोष पंपाच्या आतल्या पंख्यात होता. त्यामुळे इंजिन चालता चालता बंद पडण्याची किंवा सुरूच न होण्याची भीती होती.

आपल्याकडे तर 1905 साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेल्या मेळ्यात करसवलत मिळते म्हणून गाडी घेण्याची पद्धतच आहे. त्या गाड्या पुढे दोन-तीन हातांतून फिरतात. कंपनीचं पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर गेलं, तर आपल्याला कळायचं कसं? त्यासाठी कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकून पाहा किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. पाच मिनिटांचं काम आहे.

कधी थांबायचं नाही

आवाजाबरोबर पुढचं एखादं लक्षण दिसलं तर चालढकल करू नका. सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागणं, चढावर किंवा ओव्हरटेक करताना जोर न मिळणं, गरम झाल्यावर गाडी बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा सुरू होणं. अशी गाडी घेऊन आग्रा-मुंबई रस्त्यावर शिवपुरीच्या पुढे जाऊ नका. ट्रकांच्या मधोमध इंजिन बंद पडलं, तर प्रश्न पैशांचा राहत नाही.

गाडीत पेट्रोलचा वास आला तर किल्ली फिरवूच नका. आणि सीट उचलून पंप स्वतः उघडण्याचा उद्योग घरी करू नका. पाइपमध्ये दाब असतो, टाकीत वाफ असते, एका ठिणगीने अनर्थ होतो.

आपल्या मंडळातल्या ज्येष्ठांसाठी शेवटी एक सांगतो. मुलं पुण्या-बंगळुरूला किंवा परदेशी, आणि गाडी अंगणात झाकून ठेवलेली, असं चित्र आता लष्करातल्या घराघरांत दिसतं. महिनोन् महिने उभ्या गाडीतलं पेट्रोल शिळं होतं, चिकट थर धरतं आणि पंप अडकू शकतो. हे कळतं ते नेमकं रात्री-अपरात्री कुणाला तरी हॉस्पिटलमध्ये न्यायची वेळ येते तेव्हा. म्हणून आठवड्यातून एकदा गाडी वीस-पंचवीस मिनिटं फिरवून आणा. टाकीत ताजं पेट्रोल ठेवा.

आणि आजच, गाडी चांगली चालत असतानाच, मागच्या सीटवर बसून तिच्या पंपाचा आवाज एकदा ऐकून ठेवा. तानसेनाच्या गावात राहणाऱ्यांना वेगळं काय सांगायचं? मूळ सूर कानात बसला असेल, तरच तो कधी उतरला ते कळतं. मिस्त्रीपुढे उभं राहिल्यावर "आधी असा आवाज नव्हता" हे खात्रीने सांगता आलं, तर निम्मं निदान तिथेच होतं.

पुढच्या अंकात बॅटरीविषयी. तोवर, काटा पाव टाकीच्या वर राहू द्या.