फिल्म हसली

अनारसा तुपात सोडताच विरघळून पसरला, तर तो 'हसला' असे आपल्याकडे म्हणतात. हसतो अनारसा आणि रडते घरची बाई! यंदाच्या भाद्रपदात रत्नागिरीच्या आमच्या घरी हाच प्रकार झाला. फक्त हसला तो अनारसा नव्हता, फिल्म होती. आणि रडवेला झालो तो मी!

मराठीच्या मास्तराला हा उद्योग कुणी सांगितला, असे आपण विचाराल. मागल्या दिवाळीत आई अनारसे तळत असताना जुन्या कॅमेऱ्यातून काळ्यापांढऱ्या फिल्मवर मी तिची छत्तीस चित्रे घेतली. कढई उतरवताना ती म्हणाली, "पुढच्या वर्षी हे काही माझ्याच्यानं व्हायचं नाही." तेव्हापासून तो रोल फ्रिजमध्ये विरजणाच्या भांड्याशेजारी पडून होता. मला त्याच्या स्लाइड करायच्या होत्या, त्याही घरीच.

नेहमीच्या धुलाईत निगेटिव्ह मिळते. प्रत बिघडली तर दुसरी काढता येते. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र'ची (१९१३) फिल्म घरीच धुवत, सरस्वतीबाई मदतीला असत. पण त्यांच्याही हाताशी निगेटिव्ह होते. उलट्या धुलाईत ते नसते. पहिल्या डेव्हलपरमध्ये उमटलेले निगेटिव्ह पोटॅशियम परमँगनेट आणि गंधकाम्ल यांच्या द्रावणाने पुसून टाकायचे, उरलेल्या चांदीच्या क्षारावर उजेड पाडायचा आणि दुसऱ्या डेव्हलपरमध्ये तो काळा करायचा. मग त्याच पट्टीवर सरळ चित्र दिसते. १९२३ साली कोडॅकने घरगुती सिनेमासाठी काढलेली १६ मिलिमीटरची फिल्म याच रीतीने धुतली जाई. प्रतीचा खर्च वाचतो. पण पट्टी एकच, बिघडली की संपले.

म्हणून आधी अंगणातल्या माडाची चित्रे घेऊन चार रोल सरावाला घेतले. पहिला काळाकुट्ट निघाला. 'जास्त शिजला' असे समजून मी पहिल्या डेव्हलपरची वेळ कमी केली. दुसरा त्याहून काळा! इथे हिशेबच उलटा असतो. पहिला डेव्हलपर कमी पडला, तर क्षार जास्त उरतो आणि तोच पुढे काळा होतो. वेळ वाढवल्यावर तिसऱ्यात माड दिसला. पण अंगभर तपकिरी डाग! परमँगनेटनंतर सोडियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात फिल्म पुरती स्वच्छ करायची असते, ते मी घाईत उरकले होते.

चौथ्यात काही चुकवायचे नाही असे ठरवले होते. पण नळाचे पाणी तीस अंशांचे, हवे वीस. परमँगनेटने जिलेटिन आधीच मऊ पडते. त्यात हे कोमट पाणी. थर पट्टीवरून सुटला आणि बालदीत सायीसारखा तरंगू लागला.

आई दारात उभी होती. "हसली वाटतं!" म्हणाली. मग थोडे थांबून, "पण तू एकदम सगळा घाणा कशाला टाकतोस? आधी एक सोडून बघावा."

इतकी पुस्तके चाळली, पण हे काही मला सुचले नव्हते. तिचा रोल काढला. अंधारात चाचपडत वीतभर तुकडा कापला, तेव्हा हात कापत होता. तेवढी चित्रे गेली तर गेली. परातीत बर्फ घालून सगळी द्रावणे आणि धुण्याचे पाणी वीस अंशांवर आणले. खिडक्या उघडल्या, मुलांना बाहेर पिटाळले, हातमोजे चढवले. आम्ल नेहमी पाण्यात घालावे, थेंबाथेंबाने. पाणी आम्लात कधीही ओतू नये.

तुकडा जरा गडद निघाला. उरलेल्या पट्टीला पहिल्या डेव्हलपरमध्ये दीड मिनिट जास्त दिले. उजेडात धरली, तो आई झाऱ्यासकट स्वच्छ दिसली! एका चित्रावर मात्र कात्री नेमकी मधोमध चालली होती. कढई एका तुकड्यात आणि आईचा हात दुसऱ्यात.

कोजागरीला भिंतीवर चादर लावून स्लाइड दाखवल्या. दूध आटवायचे सोडून सगळे बघत बसले. आई बराच वेळ काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "तूप जरा जास्तच तापलं होतं रे."

अनारशांचे तांदूळ तिने परवाच भिजत घातले आहेत.