‘झोपताना आत ठेवा’ एवढ्यावर भागणार नाही. योनीमार्गातील गोळी नेमकी कशी वापरायची?

अंगावरून पांढरे जाणे, खाज, जळजळ अशा तक्रारींवर डॉक्टर अनेकदा योनीमार्गात ठेवायची गोळी देतात. ‘रात्री झोपताना आत ठेवा’ एवढीच सूचना मिळते. पुढचे विचारायला बाईला संकोच वाटतो. पाकिटावरची माहिती बहुतेकदा इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत असते. मग कुणी गोळी गिळते, तर कुणी दोन दिवसांत बरे वाटले म्हणून ती बंद करते. कशी वापरायची हे सांगणे हा उपचाराचाच भाग आहे.

गोळी कशी ठेवावी?

- साबणाने हात धुवा. नखे कापलेली असावीत.
- पाठीवर झोपून गुडघे वाकवा. बोटाने किंवा सोबतच्या ॲप्लिकेटरने, त्रास होणार नाही इतपत गोळी आत सरकवा. नंतर पुन्हा हात धुवा.
- झोपतानाच ठेवा, म्हणजे औषध आत टिकते. थोडे बाहेर येणे स्वाभाविक आहे, पॅड वापरा.
- क्लोट्रिमाझोलचा कोर्स मात्रेनुसार १, ३ किंवा ६ रात्रींचा असतो. डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स पूर्ण करा.
- या काळात शरीरसंबंध, टॅम्पॉन आणि आतून धुणे टाळा. काही औषधांमुळे कंडोम कमकुवत होतो.
- मेणासारख्या गोळ्या उन्हाळ्यात वितळतात. थंड जागी ठेवा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी किंवा ॲप्लिकेटर वापरू नये. ताप, ओटीपोटात दुखणे, दुर्गंधी किंवा रक्त जात असेल तर मेडिकलमधून परस्पर गोळी घेऊ नका. त्रास वारंवार होत असेल तर साखर तपासून घ्या.

लाजेची किंमत

डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील अभ्यासाचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. दोन गावांतील ६५० महिलांपैकी ९२ टक्के महिलांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

उपाय अहिल्यानगर जिल्ह्यातच सापडतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावातल्याच, अनेकदा निरक्षर असलेल्या महिलांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. जे डॉक्टरांसमोर बोलवत नाही, ते आपल्याच गावातल्या बाईशी बोलता येते.

आज गावोगावी आशाताई आहेत, मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहेत. गोळीसोबत मराठीत, चित्रांसह एक चिठ्ठी आणि दोन मिनिटांचे बोलणे मिळायलाच हवे. त्याला नवे यंत्र लागत नाही की मोठा निधी. लागतो तो फक्त संकोच सोडण्याचा निर्धार. आणि तो आधी औषध देणाऱ्याने करायचा आहे.