घरात वाजवायचा गिटार अ‍ॅम्प : वॉट विसरा, डेसिबल बघा

२३ जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने भोंग्यांबद्दल जो निकाल दिला, तो बहुतेकांनी धार्मिक स्थळांच्या बातमीपुरताच वाचला. कुर्ला-चुनाभट्टी भागातल्या रहिवाशांच्या संघटनांनी केलेल्या याचिकेवर न्या. अजय गडकरी आणि न्या. श्याम चांडक यांचं खंडपीठ होतं. भोंगा हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हे त्यातलं वाक्य टीव्हीवर दिवसभर फिरलं. पण आपल्यासारख्या तंत्रज्ञानात रस असणाऱ्यांसाठी त्यात आणखी एक गोष्ट होती. आवाजाची मर्यादा यंत्रातच बसवून ठेवता येईल का, म्हणजे भोंगा ठरावीक डेसिबलच्या वर जाणारच नाही अशी सोय करता येईल का, याचा विचार सरकारने करावा असं कोर्टाने सुचवलं.

ही सूचना मला नीट कळली ती काशीदला, एका गिटारमुळे.

माझ्या आत्येभावाचं काशीदला घर आहे. दोन खोल्या पर्यटकांना देतो. त्याची मुलगी अकरावीत आहे, दोन वर्षं इलेक्ट्रिक गिटार शिकतेय. मे महिन्यात तिने एका ओळखीच्याकडून जुना, मोठा, ५० वॉटचा अ‍ॅम्प सरावाला आणला. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, दुपारी जरा डोळा लागतो तेवढाच. काकू भांडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "बाय, जरा हळू वाजव गो." मुलीने अ‍ॅम्प बंद केला आणि पुढचा दीड महिना गिटारला हातच लावला नाही. "काका, मी आवाज दोनवरच ठेवला होता. त्याच्या खाली काही ऐकूच येत नाही," असं ती मला फोनवर म्हणाली.

भावाचं म्हणणं वेगळंच. "नवीन घ्यायचाच तर चांगला १०० वॉटचा घेऊ. शनिवारी गिऱ्हाइकांना गाणी लावायलाही होईल."

दोघांचंही चुकत होतं, आणि चूक एकाच जागी होती. खोक्यावर वॉट लिहिलेले असतात, कान ऐकतो डेसिबल.

वॉट आणि डेसिबल यांचं गणित

वॉट म्हणजे अ‍ॅम्प स्पीकरला किती विजेची ताकद देऊ शकतो ते. डेसिबल म्हणजे हवेत प्रत्यक्ष किती आवाज झाला ते. या दोघांचं नातं सरळ नाही. ताकद दहापट केली की आवाज १० डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे १०० वॉटचा अ‍ॅम्प १० वॉटच्या दहापट मोठा नसतो, जेमतेम दुप्पट असतो. उलट बाजूने बघितलं तर १ वॉटचा अ‍ॅम्प अजिबात 'छोटा' नसतो.

एक ढोबळ हिशोब करू. गिटारच्या स्पीकरला १ वॉट दिला तर एक मीटरवर साधारण ९५ डेसिबल आवाज होतो. काही स्पीकर याहून जास्त देतात. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे दोन मीटरवर ८९, चारवर ८३, आठवर ७७. भावाच्या घरात मुलगी जिथे बसते, तिथून कुंपण साधारण आठ मीटरवर आहे. मध्ये भिंत आहे, पण खिडकी उघडी असेल तर फार तर १० डेसिबल कमी होतील. उरले ६७. हे फक्त १ वॉटचं. ५० वॉट पूर्ण सोडले तर यात आणखी १७ मिळवा.

कायदा काय म्हणतो

ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. लोकांना वाटतं हे सगळं भोंगे आणि डीजेपुरतं आहे. पण २०१० च्या दुरुस्तीनंतर नियमात खाजगी साउंड सिस्टिम आणि वाद्यंही आली. तुमच्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. म्हणजे कुंपणापाशी दिवसा ६०, रात्री ५०. शिवाय रात्री दहानंतर वाद्य किंवा अ‍ॅम्प बंद जागेबाहेर वाजवायला बंदी आहे.

नियमातली मर्यादा ही ठरावीक वेळेच्या सरासरीवर मोजतात, एखाद्या झणत्कारावर नाही. तरीही वरच्या हिशोबातले ६७ सरासरीतही बसणं अवघड आहे. उच्च न्यायालयाने त्या निकालात हेही स्पष्ट केलं की मर्यादा एकेका भोंग्याला वेगळी नाही, त्या जागेवरच्या सगळ्यांचा मिळून आवाज मोजायचा. हे शनिवारच्या काशीदला तंतोतंत लागू पडतं. या होमस्टेत गाणी, त्या कॉटेजमध्ये कराओके, आणि मध्ये एका मुलीची गिटार. प्रत्येकजण म्हणतो, माझा तर एवढासाच आहे.

आणि आडवारी काशीद किती शांत असतं, ते तिथे राहिलेल्यांना माहीत आहे. पुढे समुद्र आणि सुरूचं बन, मागे फणसाडचं अभयारण्य. मुंबईत रस्त्याच्या गोंगाटात जे खपून जातं, ते इथे चार घरं ऐकतात.

मग 'दोनच्या खाली ऐकूच येत नाही' हे खोटं का?

खोटं नाही. त्यामागे दोन कारणं आहेत. पहिलं, मोठ्या अ‍ॅम्पचा नॉब सुरुवातीलाच झपकन चढतो. शून्य ते दोन यांच्यामध्येच सगळा खेळ असतो, त्यामुळे हळू आणि नेमका आवाज लावणं जमत नाही.

दुसरं कारण आपल्या कानाचं. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज कमी झाला की कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर जास्तच कमी ऐकू येतात. त्यामुळे मोठा अ‍ॅम्प हळू वाजवला की तो किरकिरा, पोकळ वाटतो. वाजवणारा नकळत नॉब वर नेतो. म्हणून घरासाठी अ‍ॅम्प बघताना 'किती मोठा वाजतो' हा प्रश्नच नाही. 'हळू वाजवला तर चांगला वाटतो का' हा प्रश्न आहे.

पर्याय कोणते

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प. जुन्या रेडिओत असायचे तसेच व्हॉल्व्ह. जाणकार याच्या आवाजावर जीव टाकतात, पण तो खुलतो जोरात वाजवल्यावर. शिवाय व्हॉल्व्ह आता जगात मोजक्याच ठिकाणी बनतात : रशियातलं साराटोव, स्लोव्हाकिया, चीन. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाने निर्यातीवर बंधनं घातली, तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांची धावपळ झाली होती. आत शेकडो व्होल्ट असतात, स्विच बंद केल्यावरही काही काळ राहतात, म्हणजे घरी उघडून बघायची सोय नाही. काशीदला हा नको.

ताकद कमी करता येणारा मोठा अ‍ॅम्प. उदाहरणार्थ बॉसचा कटाना ५०. याला ५०, २५ आणि अर्धा वॉट असा निवडीचा स्विच आहे. कधीमधी कार्यक्रमात वाजवणार असाल तर हा चांगला मधला मार्ग. पण अर्धा वॉट म्हणजे १ वॉटपेक्षा फक्त ३ डेसिबल कमी, हे वरच्या हिशोबावरून लक्षात येईल. नॉब तरी सांभाळावाच लागतो.

टेबलावरचा छोटा डिजिटल अ‍ॅम्प. यामाहाची टीएचआर मालिका, पॉझिटिव्ह ग्रिडचा ५ वॉटचा बॅटरीवाला स्पार्क गो, सहा पेन्सिल सेलवर चालणारा ब्लॅकस्टारचा ३ वॉटचा फ्लाय ३, असे बरेच आहेत. त्यातले डिजिटल प्रकार मोठ्या अ‍ॅम्पच्या आवाजाची नक्कल चिपमध्ये करतात. त्यामुळे जोरात वाजवल्यावर येणारा पोत हळू आवाजातही मिळतो. घरासाठी हा गट सगळ्यात उपयोगी.

हेडफोन अ‍ॅम्प. फेंडरचा मस्टँग मायक्रो थेट गिटारच्या सॉकेटमध्ये बसतो, आणि हेडफोन त्यात. शेजाऱ्यांना फक्त तारांची टकटक. हेडफोन मात्र वायरचाच घ्या. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज एक दशांश सेकंद किंवा त्याहूनही उशिरा पोचतो, म्हणजे तार छेडली आता आणि ऐकू आली नंतर. ताल धरताच येत नाही. आणि हेडफोनवरही मर्यादा पाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक, त्याहून मोठा असेल तर वेळ झपाट्याने कमी करायचा.

आता भावाचा मुद्दा, गिऱ्हाइकांची गाणी. गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर साधारण पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर फारसा वाजतच नाही. गिटारला ते शोभतं, पण त्यावर लताबाईंचं गाणं लावलं तर रजईतून आल्यासारखं वाटेल. त्यामुळे १०० वॉटचा गिटार अ‍ॅम्प घेऊन दोन्ही कामं होतील हा समज काढून टाका. टेबलावरचे डिजिटल अ‍ॅम्प याला अपवाद, त्यातल्या बऱ्याच अ‍ॅम्पवर मोबाईलची गाणी बरी वाजतात. अंगणातल्या पार्टीला पुरणार नाहीत, पण ते एका अर्थी बरंच.

किनाऱ्यावरच्या घराच्या अटी

पहिली अट वीज. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, तेव्हा या पट्ट्यात कित्येक दिवस दिवे नव्हते. वादळ सोडा, पावसाळ्यात वीज जाणं आणि व्होल्टेज वरखाली होणं नेहमीचंच. बॅटरीवर चालणारा, यूएसबीने चार्ज होणारा अ‍ॅम्प इथे चैनीची वस्तू नाही, गरज आहे. विजेवरचा घेतलात तर आभाळ गडगडायला लागलं की पिन काढून ठेवा, आणि अर्थिंग तपासून घ्या. अ‍ॅम्प सतत गुणगुणत असेल तर अर्थिंगवर संशय घ्या. आवाज जातो म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढायचा उद्योग मात्र कधीच करू नका, जिवावर बेतू शकतं.

दुसरी अट खारी हवा. जॅक आणि सॉकेट गंजतात, मग खरखर सुरू होते. स्पीकरचा कागद दमट होतो, बुरशी धरते. वापरून झालं की अ‍ॅम्प खिडकीपासून लांब, झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. बॅटरीचा असेल आणि महिनाभर वापरणार नसाल, तर अर्धा चार्ज ठेवून बंद करा.

तिसरी अट खरेदीची. ऑनलाइन स्वस्त, नाव नसलेले अ‍ॅम्प खूप मिळतात. सोबतच्या अ‍ॅडॉप्टरवर बीआयएसचा 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा आणि तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये तपासा. शक्य असेल तर प्रत्यक्ष वाजवून घ्या. मुंबईत धोबीतलावचं फुर्तादोस १८६५ पासूनचं दुकान आहे. जाताना स्वतःची गिटार न्या, आणि दुकानदाराला सांगा, "अगदी हळू लावून दाखवा."

आम्ही काय केलं

५ वॉटचा बॅटरीवाला छोटा अ‍ॅम्प घेतला, रात्रीसाठी वायरचा हेडफोन. गेटवेहून लाँचने मांडव्याला आणि तिथून पुढे काशीद, सगळा प्रवास पाठीवरच्या सॅकमध्ये झाला. घरी पोचल्यावर एक काम केलं, जे मी प्रत्येकाला सुचवीन. मुलगी नेहमीच्या जागी बसून वाजवत होती, मी मोबाईलवर आवाज मोजायचं अ‍ॅप लावून कुंपणापाशी उभा राहिलो. आयफोन असेल तर अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेचं मोफत अ‍ॅप चांगलं आहे. इतर अ‍ॅपवर थोडा फरक धरून चाला. आकडा ५० च्या आसपास राहील तिथे थांबलो आणि नॉबवर नेलपॉलिशचा ठिपका लावला. दिवसाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल खाली, म्हणजे मोबाईलची चूक धरूनही जागा उरते. नंतर काकूंकडे आजींच्या खोलीत जाऊन ऐकलं. खिडकीतून लाटांचा आवाज येत होता, गिटार लक्ष दिल्यावर कळत होती. दुपारी दोन ते चार वाजवायचं नाही, हेही तिथेच ठरलं.

कोर्टाच्या सूचनेतली खरी अडचण मला त्या कुंपणापाशी कळली. मर्यादा यंत्रात बसवता येते, पण नियम मोजतो हद्दीवर. तोच अ‍ॅम्प काशीदच्या उघड्या खिडकीत जास्त ठरतो आणि चेंबूरच्या बंद फ्लॅटमध्ये चालून जातो. कारखान्यातून येणाऱ्या चिपला तुमचं कुंपण किती लांब आहे आणि पलीकडे कोण झोपलंय हे ठाऊक नसतं. सरकारने उद्या भोंग्यांना कुलूप बसवलंच तर ते प्रत्येक जागेवर जाऊन मोजून बसवावं लागेल. नुसतं खोक्यावर वॉट छापून भागणार नाही.

घरच्या अ‍ॅम्पला मात्र सरकारची वाट बघायला नको. एक मोबाईल, एक ठिपका आणि शेजाऱ्यांशी पाच मिनिटं बोलणं, एवढ्यात ते होतं. मुलगी आता रोज वाजवते.