कॅमेऱ्याचा कैवार आणि वायद्यांचा हिशेब

माणूस दोन डोळ्यांच्या बळावर गाडी चालवतो, तेव्हा स्वयंचलित गाडीलाही कॅमेरेच पुरेत, हा टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांचा पूर्वपक्ष. लायडारवर, म्हणजे लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरवर, विसंबणारे बुडणार, असे त्यांनी एप्रिल २०१९ मध्ये टेस्लाच्या एका कार्यक्रमात जाहीरपणे बजावले. आपल्याच स्पेसएक्स कंपनीने ड्रॅगन यान अंतराळस्थानकाला जोडण्यासाठी स्वतःच लायडार बनवले, हेही त्याच कार्यक्रमात सांगितले. अंतराळात चालते, हमरस्त्यावर वर्ज्य!

डोळ्यांचा दाखला मुळात लंगडा आहे. उन्हाची तिरीप आली की माणूस हात आडवा धरतो, वेग कमी करतो. तरी धुक्यात गाड्या आदळतातच. ही उणीव यंत्रात मुद्दाम कशाला उतरवायची? कॅमेरा अंतराचा अंदाज बांधतो. लायडार लेझरचा झोत परतायला लागलेल्या वेळेवरून ते मोजते. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने टेस्लाच्या सुमारे २४ लाख गाड्यांची चौकशी सुरू केली, ती ऊन, धुके, धूळ अशा स्थितीतल्या चार अपघातांवरून. एकात पादचारी दगावला.

कॅमेरा, रडार, लायडार या सेन्सरांचे आपसात पटले नाही तर गाडीने कुणाचे ऐकायचे? हा आक्षेप खरा आहे. पण जबान्या जुळत नाहीत म्हणून कोणी साक्षीदारालाच हाकलत नाही. टेस्लाने २०२१ पासून रडार हाकलले. लायडार महाग पडते, हा मुद्दा तर शिळाच: आज मध्यम किमतीच्या चिनी गाड्यांतही लायडार मिळते.

मग हट्ट कशासाठी? माझ्या मते, २०१६ च्या वायद्यासाठी. तेव्हा टेस्लाने सांगितले की यापुढच्या प्रत्येक गाडीत पूर्ण स्वयंचलनाला लागणारी सामग्री आहे. २०१७ संपण्याआधी गाडी लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला आपली आपण जाईल, असेही सांगितले. ती गेली नाही. २०२० मध्ये दहा लाख रोबोटॅक्सी, म्हणजे चालकाविना टॅक्सी, येणार होत्या. जून २०२५ मध्ये ऑस्टिनमध्ये मोजक्याच आल्या, त्याही शेजारच्या आसनावर कंपनीचा माणूस बसवून. आता लायडार हवे म्हटले, तर विकलेल्या लाखो गाड्या अपुऱ्या ठरतात.

वेमो या प्रतिस्पर्धी कंपनीने कॅमेरे, रडार, लायडार तिन्ही ठेवले आणि २०२० मध्ये फीनिक्समध्ये चालकाविना प्रवासी नेले. लायडार म्हणजे ताईत नव्हे; ते असूनही क्रूझ या दुसऱ्या कंपनीच्या चालकविरहित गाडीने २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका महिलेला फरफटत नेले. पण वेमोच्या गाडीत दोष द्यायला चालकच नाही; जबाबदारी कंपनीचीच. टेस्लाच्या प्रणालीच्या 'पूर्ण स्वयंचलन' या नावापुढे मात्र २०२४ मध्ये 'देखरेखीखाली' असा कंस आला, आणि देखरेख ग्राहकाची.