घाम म्हणजे दम नव्हे

जुम्मादादा व्यायाम मंदिर, प्रोफेसर माणिकराव, बडोद्याच्या गल्लीबोळांतल्या तालमी यांच्या आठवणी इथे भरभरून येतात आणि मीही त्या आवडीने वाचतो. पण त्यातलं एक वाक्य आता डोक्यात जायला लागलंय. "आमच्या वेळी घामाने हौदा भिजल्याशिवाय सुटका नव्हती, आणि मध्ये पाण्याचा थेंब नाही!" हे आपण कौतुकाने सांगतो आणि बॉक्सिंगला जाणारी नातवंडं ते नियम म्हणून ऐकतात.

यंदा मे महिन्यात नात्यातला एक मुलगा, वय वर्षं सोळा, अंगात रेनकोट चढवून मैदानाला फेऱ्या मारत होता. वेळ संध्याकाळी पाचची, आणि बडोद्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. स्पर्धेसाठी वजन दीड किलो जास्त भरत होतं. कोचने सांगितलेलं, आणि घरात आजोबांपासून काकांपर्यंत सगळ्यांचं "शाब्बास, असाच दम वाढतो." चक्कर येऊन खाली बसला, तर म्हणे अजून कच्चा आहे!

कच्ची आपली समजूत आहे. एक किलो चरबी जळायला साधारण 7,700 कॅलरी खर्च व्हाव्या लागतात. पंचावन्न किलोचा मुलगा दहा किलोमीटर धावला तर साडेपाचशेच्या आसपास जळतात. मग तासाभरात जो एक किलो उतरतो तो काय असतो? पाणी. निव्वळ पाणी. घाम वाळतो तेव्हा अंग थंड होतं. प्लॅस्टिकच्या आत तो वाळतच नाही, म्हणजे शरीर तापत राहतं आणि पाणीही जातं. शरीराच्या वजनाच्या 2 टक्के पाणी गेलं तरी दम कमी पडायला लागतो. पंचावन्न किलोला हे जेमतेम 1 किलो 100 ग्रॅम झालं. दम वाढवायला निघालेला पोरगा तो घालवून घरी येतो, आणि वर आपण त्याची पाठ थोपटतो.

अमेरिकेत 1997 च्या अखेरीस कॉलेजचे तीन कुस्तीगीर असंच वजन उतरवताना साधारण महिनाभरात दगावले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी आली. आपल्याकडे तोच सूट ऑनलाइन मागवून वाढदिवसाला भेट देतात.

यावर लगेच मेरी कोमचं उदाहरण येतं. 2018 साली पोलंडमध्ये तिने वजनाआधी काही तासांत दोन किलो उतरवले, तासभर सलग दोरीवरच्या उड्या मारल्या आणि सुवर्णपदक आणलं. खरं आहे. पण ती तोवर पाच वेळा जगज्जेती झालेली बाई होती, दहावीची सुट्टी लागलेला मुलगा नव्हे. आणि पॅरिसला 2024 मध्ये विनेश फोगटने रात्रभर घाम गाळला, तरी 100 ग्रॅम उरलेच. ते आपण सोयीस्करपणे विसरतो.

आता दमाचं. मोठ्यांच्या हौशी लढतीत 3 मिनिटांच्या 3 फेऱ्या असतात, मध्ये 1 मिनिट विश्रांती. म्हणजे दहा-बारा सेकंदांचा भडिमार, थोडं मागे सरणं, पुन्हा भडिमार, आणि एका मिनिटात श्वास जाग्यावर. हजार बैठका एका लयीत काढणं ही मोठीच गोष्ट आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण ती लय रिंगमध्ये कोणी तुम्हाला देत नाही. गामाने उचललेला दगड सयाजीबागेच्या म्युझियममध्ये आहे. ती ताकद झाली, हा दम वेगळा. जोर-बैठकांनी पाया घाला, हवं तर मल्लखांबही करा, खांदे आणि पोट त्याने तयार होतात. मग आठवड्यातून तीन-चार दिवस सकाळी गारव्यात, बोलता येईल इतक्या वेगाने अर्धा-पाऊण तास धावणं. दोन दिवस बॅगवर घड्याळ लावून 3 मिनिटं काम, 1 मिनिट आराम. प्रत्येक ठोशाबरोबर श्वास बाहेर सोडायचा. नवखी मुलं तो कोंडून धरतात आणि दुसऱ्या फेरीत हात खाली येतात. पहिल्या आणि तिसऱ्या फेरीतले ठोसे मोजा. फरक महिन्यागणिक कमी होतोय का ते पाहा, भिजलेला गंजी पिळून काय कळणार? आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. यालाही दोन-तीन महिने लागतात, आठवड्यात होत नाही.

वजन सरावाआधी आणि नंतर करावं. जितके किलो गेले तितके लिटर पाणी, वर थोडं जास्तच, पुढच्या काही तासांत पोटात गेलं पाहिजे. भाकरी, वरण, दही, शेंगदाणे घरात आहेतच. वजनगटाचं म्हणाल तर मूल सहज ज्या गटात बसतं त्यातच खेळवा. जिंकलं तर पुढच्या लढतीच्या सकाळी पुन्हा काट्यावर उभं राहायचं असतं, रोज कुठून पाणी काढणार? आणि हा डोक्यावर ठोसे बसणारा खेळ आहे. पाय जड झालेला मुलगा वेळेत डोकं हलवू शकत नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

तेव्हा काका-मामांनो, मुलाला सरावाला सोडायला जाता तेव्हा स्कूटरवरून परत फिरू नका. आत जाऊन कोचसाहेबांना विचारा, पाणी कधी देता आणि वजन कसं उतरवता. विचारल्याचा राग आला तर दुसरी जागा शोधा.