लाज कोणाची आणि पश्चात्ताप कोणी करावयाचा ?



१ जानेवारी १९३८ रोजी पूज्य बाबासाहेबांनी आपल्या या सोलापुरात ख्रिस्ती बांधवांच्या सभेत भाषण केले. येवल्याची घोषणा होऊन दोन वर्षे लोटली होती आणि ते कोणता धर्म स्वीकारतात याकडे सर्वांचे डोळे लागले होते. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपल्या मनाची पकड घेतली आहे, असे त्यांनी तेथे मोकळेपणी सांगितले. परंतु दक्षिणेतील ख्रिस्ती लोक चर्चमध्येही जातिभेद पाळतात आणि सामाजिक अन्यायाविरुद्ध ख्रिस्ती समाज झगडत नाही, हेही त्यांनी त्याच व्यासपीठावरून सुनावले. ५ फेब्रुवारी १९३८ च्या ‘जनता’त हे भाषण प्रसिद्ध झाले. दुसऱ्याच्या धर्माविषयी आदर बाळगावा, पण त्याची परीक्षा करताना भीड धरू नये, हा धडा त्यांनी घालून दिला. त्याच रीतीने आज एका उपदेशाची परीक्षा करू.

उपदेश असा : लाजेचे ओझे वाहणाऱ्याने नम्र व्हावे, पश्चात्ताप करावा, क्षमा मागावी आणि आपल्याला दुखविणाऱ्यालाही क्षमा करावी, म्हणजे ओझे उतरेल. ख्रिस्ती जीवनात या शिकवणुकीने कित्येकांना दारूपासून आणि दुराचारापासून परत फिरविले आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण न्यायालयात पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : गुन्हा कोणी केला ? आरोपीला द्यावयाचे औषध फिर्यादीला पाजले, तर ते औषध राहत नाही.

लाज दोन प्रकारची असते. एक लाज स्वतःच्या कृत्याची. दुसरी, लोकांनी आपल्यावर लादलेली. गुन्हेगार जमाती कायद्याखाली याच सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. तेथे जन्मलेल्या मुलाच्या कपाळी ‘गुन्हेगार’ हा शिक्का जन्मानेच बसे. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. त्या मुलाने कशाचा पश्चात्ताप करावयाचा होता ? ज्या बाईला पाणवठ्यावरून हाकलले, तिने कोणापुढे नम्र व्हावयाचे होते ? नम्रतेची तर आपल्या वाडवडिलांवर सक्ती होती. वाकून जोहार घालणाऱ्या माणसाला आणखी वाकावयास सांगणे हा धर्म नव्हे.

आता क्षमेचे पाहा. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमात हे गुन्हे तडजोडीने मिटविण्याची मुभा होती. गावात तडजोड कशी होते, हे तुम्हांला सांगावयास नको. ज्याच्या शेतावर मजुरी करावयाची, ज्याच्या दुकानातून उधार आणावयाचे, त्याच्याच विरुद्ध फिर्याद. मग चार पंच येणार आणि ‘झाले गेले विसरून जा’ म्हणणार. पोटाच्या भीतीने दिलेली ही संमती कागदावर ‘क्षमा’ म्हणून नोंदली जाई. १९७६ च्या दुरुस्तीने ही मुभा काढून घेतली आणि अधिनियमाला ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ हे नाव दिले. क्षमा नाकारण्याचे बळ ज्याच्या अंगी नाही, त्याची क्षमा ही क्षमाच नव्हे, हे संसदेला कळले. उपदेशकांनाही ते कळावे.

आणि खुद्द ख्रिस्ती ग्रंथ तरी काय सांगतो ? लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाचा श्रीमंत जकातदार आहे. येशू त्याच्या घरी उतरतो, तेव्हा तो नुसते डोळे पुसत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ करतो आणि ज्याला नाडले असेल त्याला चौपट परत करण्याचे वचन देतो. पश्चात्तापाची सुरुवात अपराध्याने करावयाची असते, आणि त्यात भरपाई असते. मग ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाणी, जमीन आणि विद्या अडवून धरली, त्यांना हा अध्याय कोणी वाचून दाखविला आहे काय ?

भगवान बुद्धांनी लाजेला टाकाऊ म्हटले नाही. हिरी आणि ओत्तप्प, म्हणजे दुष्कृत्याची लाज आणि त्याच्या परिणामाचे भय, हे दोन धम्म जगाचे रक्षण करतात, असे त्यांनी सांगितले. अंगुलिमालाने शस्त्र टाकले व तो भिक्खू झाला. तरीही भिक्षेला गेला असता लोकांचे दगड त्याला खावे लागले. बुद्धांनी त्याला ते सोसावयास सांगितले. पाप धुऊन टाकणारा कोणी देव तेथे आला नाही. बदललेले आचरण हीच त्याची शुद्धी होती.

वाचकहो, हे माप स्वतःलाही लावा. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ लिहिताना तुमचा हात अडखळतो काय ? सवलती जातील, ही भीती पूर्वी खरी होती. पण १९९० च्या कायद्याने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना त्या यादीत स्थान दिले. ख्रिस्ती झालेल्या बांधवांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने बाहेर ठेवले. त्यांच्या लपण्याचा दोष त्यांच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही. तुमच्या लपण्याला मात्र ती सबब उरली नाही. तुम्हांला लाज वाटावी असे तुमच्या जन्मात काही नाही.

परंतु शेजारच्या मातंगाच्या घरचे पाणी तुमच्या घशाखाली उतरत नसेल, मुलीचे लग्न ठरविताना जुनी पोटजात विचारली जात असेल, तर तेथे लाज वाटलीच पाहिजे. तेथे नम्र व्हा, पश्चात्ताप करा, आणि त्या शेजाऱ्याच्या दारी स्वतः जा. जातीची लाज ज्यांनी निर्माण केली त्यांना ती परत करा. आणि स्वतःच्या कृत्याची लाज असेल, तर ती आचरणाने फेडा. बाविसाव्या प्रतिज्ञेत बुद्धाच्या शिकवणुकीप्रमाणे वागण्याचे वचन आपण दिले आहे, ते याचसाठी.

जयभीम !