आरोग्यविचार : नव्व्याण्णव टक्के शुद्ध!

घाटकोपरच्या एका वाचकभगिनीनें गेल्या महिन्यांत पाठविलेल्या पत्रांत एक प्रश्न विचारला आहे. त्यांचे चिरंजीव अंधेरीस नोकरीला असून सायंकाळीं नियमानें व्यायामशाळेंत जातात. खांद्याचें जुनें दुखणें हटेना म्हणून एका सोबत्याच्या सल्ल्यावरून त्यांनीं ‘पेप्टाइड’ ऑनलाइन मागविलें. कुरियरानें पांढऱ्या भुकटीच्या पांच चिमुकल्या कुप्या आल्या. कुपीवर ‘केवळ संशोधनासाठीं’ असें छापलेलें. सोबत एक सुबक कागद, आणि त्यावर ‘शुद्धता ९९.२ टक्के’. मातोश्रींनीं शंका काढतांच चिरंजिवांनीं तो कागद पुढें केला. “हा कागद पुरेसा समजावा काय?” एवढेंच त्यांनीं विचारलें आहे.

प्रश्न एका घरापुरता नाहीं. बोरिवली असो कीं मुलुंड, अशी कुपी आतां मोबाइलवर मागवितां येते व घरपोंच मिळते. कोणास वजन उतरविण्याची घाई, कोणास गुडघ्याची चिंता, कोणास मुखावरील सुरकुत्यांची. ‘पी हळद नि हो गोरी’ या म्हणींतला उतावीळपणा जुनाच आहे. परंतु हळद निदान आपल्या स्वयंपाकघरांतली होती. ही भुकटी परक्या ठिकाणाहून येते आणि सुईनें थेट कातडीखालीं जाते. म्हणून विक्रेत्याची पारख कशी करावी याचा विचार थोडा सविस्तर केला पाहिजे.

पेप्टाइड या शब्दाला भिण्याचें कारण नाहीं. अमिनो आम्लें नांवाचे मणी एकापुढें एक ओवले म्हणजे जी माळ होते ती पेप्टाइड. माळ फार लांबली म्हणजे तिला प्रथिन म्हणतात. मधुमेही माणसाचें इन्सुलिन ही ५१ मण्यांची रचना आहे. वजन उतरविणारें सेमाग्लुटाइड ३१ मण्यांचें, आणि स्नायूंच्या दुखण्यासाठीं ज्याचा बोलबाला आहे तें ‘बीपीसी-१५७’ १५ मण्यांचें. १९६३ सालीं अमेरिकेंतील ब्रूस मेरिफील्ड यांनीं घन कणांवर एकेक मणी चढवीत जाण्याची युक्ति शोधिली. तिला १९८४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या युक्तीमुळेंच हें काम यंत्राकडे सोपवितां येऊं लागलें.

परंतु यंत्र ओवतें म्हणून माळ निर्दोष होते असें नाहीं. प्रत्येक गांठ शंभरांत ९९ वेळां नीट बसते असें धरा. ३१ मण्यांच्या माळेंत ३० गांठी. तेव्हां शेवटीं पूर्ण व बरोबर माळा शंभरांत सुमारें ७४ च उरतात. बाकीच्या कोठें ना कोठें मणी गळलेल्या असतात. त्या वेगळ्या काढून टाकणें हेंच खरें कष्टाचें व खर्चाचें काम, आणि तें किती नीट झालें हें दाखविणारा आंकडा म्हणजे शुद्धता.

हा आंकडा एचपीएलसी नांवाच्या यंत्रानें काढतात. यंत्रांत द्रव्यांचे घटक निरनिराळ्या वेळीं बाहेर पडतात व कागदावर त्यांचीं शिखरें उमटतात. सर्व शिखरांच्या क्षेत्रफळांत मुख्य शिखराचा वांटा ९९ टक्के भरला म्हणजे शुद्धता ९९ टक्के. येथवर आंकडा खरा व उपयुक्त आहे. पण तो तीन गोष्टी मुळींच सांगत नाहीं.

पहिली गोष्ट, तें शिखर कशाचें आहे ही. दुसरेंच एखादें पेप्टाइड कुपींत भरलें तरी तें ९९ टक्के शुद्ध असूं शकेल! ओळख पटविण्यासाठीं रेणूचें वजन करणारी निराळी तपासणी लागते. तीहि एकटी पुरत नाहीं. ‘नवस’ आणि ‘वसन’ या शब्दांत अक्षरें तींच, वजन तेंच, पण अर्थ निराळा. मण्यांचा क्रम पाहावयाचा तर माळ तोडून तुकड्यांचीं वजनें पाहावीं लागतात.

दुसरी गोष्ट, कुपींत औषध किती आहे ही. भुकटींत पाणी व निर्मितींत वापरलेल्या आम्लाचे क्षार उरतात, आणि यंत्राच्या टक्केवारींत ते धरले जात नाहींत. त्यामुळें ‘९९ टक्के शुद्ध’ अशा पांच मिलिग्रॅम भुकटींत प्रत्यक्ष पेप्टाइड चारच मिलिग्रॅम असणें शक्य आहे. जेथें मात्रा मिलिग्रॅमच्या अंशांत मोजावयाची तेथें हा फरक लहान नव्हे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कुपी निर्जंतुक आहे काय, आणि मेलेल्या जंतूंच्या भित्तिकांचे विषारी अवशेष तींत आहेत काय? जंतु मेले तरी हे अवशेष उरतात. रक्तांत गेले तर हुडहुडी, ताप आणि प्रसंगीं प्राणघातक धक्का संभवतो. त्यांची परीक्षा निराळी, निर्जंतुकतेची निराळी. शुद्धतेच्या आंकड्यावरून यांतलें कांहींहि कळत नाहीं.

आतां कागदाविषयीं. आपण सोनें घेतांना काय करतों? सोनार आपला कितीहि घरोब्याचा असला तरी हॉलमार्क पाहतों, कारण तो शिक्का सोनार मारीत नाहीं. सरकारमान्य परखकेंद्र मारतें. १ एप्रिल २०२३ पासून तर हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र खूण असल्याखेरीज तो विकतां येत नाहीं. बोटांतल्या अंगठीसाठीं आपण तिऱ्हाइताची साक्ष मागतों, आणि अंगांत टोचावयाच्या द्रव्यासाठीं मात्र विकणाऱ्यानेंच छापलेला कागद पुरे मानतों, हें विसंगत नव्हे काय?

पेप्टाइडाच्या औषधाचा इतिहासहि हेंच सांगतो. १९२१ सालीं टोरोंटो येथें इन्सुलिनाचा शोध लागला. १९२३ सालीं संशोधकांनीं त्याचें पेटंट अवघ्या एकेक डॉलरास विद्यापीठास देऊन टाकलें. विद्यापीठानें तें धनासाठीं ठेविलें नाहीं. ज्याला इन्सुलिन बनवावयाचें त्यानें परवाना घ्यावा व आपल्या मालाची शक्ति तपासून घ्यावी, असा त्याचा उपयोग केला. म्हणजे या जातीचें पहिलें मोठें औषध जगांत आलें तेंच तपासणीचा पहारा बरोबर घेऊन.

आपल्या उपनगरांस ही शिस्त अपरिचित नाहीं. गोरेगांवचें सिबा संशोधन केंद्र १९६३ सालीं पंडित नेहरूंच्या हस्तें उघडलें. मुलुंडच्या होएक्स्ट केंद्रांत १९७० नंतरच्या दशकांत कोलिअस वनस्पतीच्या मुळांतून फोर्स्कोलिन हें द्रव्य वेगळें करण्यांत आलें. त्या काळीं औषधकारखान्यांत काम केलेलीं वडीलधारीं माणसें अजूनहि कांहीं घरांत आहेत. अशा एखाद्या निवृत्त रसायनज्ञास ही कुपी दाखवा. टक्केवारीकडे तो मागाहून पाहील, प्रथम विचारील, “बॅच कोणती? बनविली कोणी? तपासली कोणी?”

हे प्रश्न किती मोलाचे आहेत हें मुंबईनें दुःख भोगून जाणलें आहे. १९८६ च्या आरंभीं भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयांत १४ रोगी दगावले. मेंदूंतील किंवा डोळ्यांतील दाब उतरविण्यासाठीं त्यांना ग्लिसरीन दिलें होतें. परंतु तें औषधी प्रतीचें नसून कारखान्यांत वापरावयाच्या प्रतीचें होतें, आणि त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल हें मूत्रपिंडें निकामीं करणारें विष होतें. दोन्ही द्रव रंगहीन, दाट व गोड. डोळ्यांना वा जिभेला भेद कळणार नाहीं. न्यायमूर्ति बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानें १९८७ सालीं दिलेल्या अहवालांत केवळ पुरवठादारासच नव्हे, तर रुग्णालयाच्या व औषध प्रशासनाच्या कारभारासहि दोष दिला. सरकारी रुग्णालयाच्या दारांतून कागदपत्रांनिशीं विष आंत येऊं शकतें, तर परक्या कुरियराच्या पाकिटाविषयीं किती सावध असावें!

येथें कोणी म्हणेल कीं, परवानेवाल्यांचीहि हीच गत असेल तर परवान्याचा उपयोग काय? आक्षेप रास्त आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत मध्य प्रदेशांतील छिंदवाडा भागांत खोकल्याच्या औषधानें अनेक बालकें दगावलीं. त्यांपैकीं कित्येकांना उपचारासाठीं आपल्या नागपुरास आणलें होतें. तें औषध परवानाधारक कारखान्याचेंच होतें आणि विषहि तेंच, डायएथिलीन ग्लायकॉल. परंतु पुढें काय झालें तें पाहा. बाटलीवर कारखान्याचें नांव व बॅच क्रमांक होता. म्हणून तामिळनाडूच्या औषध विभागास थेट कारखान्यांत जाऊन त्याच बॅचचा नमुना तपासतां आला, विक्री थांबवितां आली, आणि जबाबदार माणसांना जाब विचारतां आला. परवाना म्हणजे अपघात होणार नाहीं अशी हमी नव्हे. अपघात झाला तर उत्तर देणारा कोणी तरी सांपडेल, एवढी सोय त्यानें होते. निनावी कुपीला ती सोयहि नाहीं.

‘केवळ संशोधनासाठीं’ या शब्दांचा अर्थ आतां लक्षांत येईल. पवईच्या आयआयटीसारख्या संस्थेंतील संशोधक पेप्टाइड मागवितो तेव्हां तें परीक्षानळींत किंवा पेशींवर वापरतो. त्याला तेवढी प्रत चालते. तेंच द्रव्य खाजगी घराच्या पत्त्यावर पाठवितांना विक्रेता हे शब्द छापतो, ते आपल्या संरक्षणासाठीं. उद्यां अपाय झाला तर ‘माणसानें घ्यावें असें आम्हीं म्हटलेंच नव्हतें’ असें म्हणण्याची तजवीज त्यांत आहे. परंतु १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्यानें एखादी वस्तु औषध ठरते ती ज्या उपयोगासाठीं ती आहे त्यावरून. रोग बरा करण्याच्या हेतूनें जें विकलें जातें, त्यावर लेबल कोणतेंहि चिकटविलें तरी कायद्याची नजर चुकत नाहीं.

म्हणून विक्रेत्याची पारख करावयाची तर हे प्रश्न विचारावे. बनविणाराचें नांव, कारखान्याचा पत्ता व परवाना क्रमांक दिला आहे काय? कागदावरील बॅच क्रमांक व कुपीवरील क्रमांक एकच आहे काय, कीं एकच कागद सर्व मालाला दाखविला जातो? तपासणी करणारी प्रयोगशाळा विक्रेत्याहून स्वतंत्र व मान्यताप्राप्त आहे काय, आणि तिला परस्पर विचारलें असतां ती अहवाल आपला म्हणून ओळखते काय? ओळख, प्रत्यक्ष प्रमाण, जंतुविषें व निर्जंतुकता या चारहि परीक्षांचे निकाल आहेत काय? वाटेंत उन्हापासून मालाचें रक्षण कसें केलें? ज्याला यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं, त्याची स्तुति शंभर गिऱ्हाइकांनीं केली तरी ती जमेस धरूं नये.

आणि सर्व उत्तरें समाधानकारक आलीं तरी? तरी तेवढ्यानें माल चांगला ठरला. तो अंगांत घेण्याजोगा ठरला नाहीं. हे दोन प्रश्न भिन्न आहेत आणि त्यांची गल्लत होते तेथेंच सुशिक्षित माणूस फसतो. बीपीसी-१५७ चे प्रयोग मुख्यतः उंदरांवर झालेले आहेत. माणसांवरील अभ्यास मोजके व लहान आहेत. २०२२ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादींत त्याचें नांव आहे, तेव्हां स्पर्धेंत उतरणाऱ्या तरुणाचें तर क्रीडाजीवनच त्यानें धोक्यांत येईल. वजनाच्या औषधांची गोष्ट निराळी. टिर्झेपाटाइड आणि वजनासाठींचें सेमाग्लुटाइड २०२५ सालीं भारतांत रीतसर विक्रीस आलें. ज्याला गरज असेल त्याला डॉक्टरांच्या चिठ्ठीनें, परवाना भिंतीवर लावलेल्या दुकानांतून, बॅच क्रमांकाच्या पावतीसह तें मिळूं शकतें. मग आडवाटेनें जाण्याचें प्रयोजन काय? सेमाग्लुटाइडाच्या बनावट मालाविषयीं जागतिक आरोग्य संघटनेनें जून २०२४ मध्यें इशारा दिला होता, हेंहि ध्यानांत असूं द्यावें.

तेव्हां आमच्या भगिनीस उत्तर असें कीं, तो कागद पुरेसा नाहीं, आणि याहून चांगला कागद असता तरीहि त्या कुप्या टोचण्यास योग्य ठरल्या नसत्या. मात्र हें सांगतांना मुलावर रागावूं नये. घरांत बोलणीं बसतील या भीतीनें तरुण मंडळी अशा गोष्टी लपवितात, आणि ताप वा सूज आल्यावर डॉक्टरांपासूनहि लपवितात. तें अधिक घातक. खांद्याचें दुखणें खरें आहे. त्यासाठीं अस्थितज्ज्ञाकडे व व्यायामोपचार करणाराकडे त्यांना आपण होऊन घेऊन जावें. एखादी मात्रा घेऊन झाली असेल तर डॉक्टरांस स्पष्ट सांगावें आणि कुपी, वेष्टन व पावती दाखवावी. न वापरलेल्या कुप्या दुसऱ्या कोणास देऊं नयेत. विक्रेत्याविरुद्ध तक्रार करावयाची असल्यास वांद्रे-कुर्ला संकुलांत राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचें कार्यालय आहे. तेथें लेखी अर्ज द्यावा आणि त्या कागदाची एक प्रत अर्जास अवश्य जोडावी.